फिक्स म्हणजे नक्की काय केलं?

डोंगरात फिरणाऱ्यांना वाट दाखवणारं एक छोटं यंत्र असतं. तशा एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांच्या यादीत एक ओळ होती: ‘दुरुस्ती मिळाली नाही. मोकळ्या आकाशाखाली जा.’

मी ती तीनदा वाचली. मग मूळ इंग्रजी काढून पाहिलं. तिथे होतं ‘नो फिक्स’. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडला असणार, ‘फिक्स’समोर ‘दुरुस्त करणे’ दिसलं असणार आणि तो पुढच्या ओळीकडे गेला असणार. त्याला मी दोष देत नाही. पण ज्याच्या हातात ते यंत्र आहे त्याचा विचार करा. धुकं उतरलंय, वाट हरवलीय आणि पडद्यावर दुरुस्तीची भाषा दिसतेय. यंत्र बिघडलं असं समजून तो ते बंद करून पिशवीत टाकेल. प्रत्यक्षात यंत्र ठणठणीत असतं आणि ते सांगत असतं काहीतरी वेगळंच.

ते काय सांगत असतं हे कळायला या शब्दाच्या मुळाशी जावं लागतं. फिक्स म्हणजे दुरुस्त करणे, हे बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अर्थ चूक नाही, पण तो शब्दाचा धाकटा अर्थ आहे.

थोरला अर्थ लॅटिनमधून आला. तिथलं क्रियापद ‘फिगेरे’, म्हणजे खिळणे, रोवणे, घट्ट बसवणे. त्याचंच ‘फिक्सस’ हे रूप, म्हणजे खिळलेला, रोवलेला. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात दिसू लागतो, तो नजर किंवा मन एका ठिकाणी लावण्याच्या अर्थाने. नजर खिळणे. आपल्याकडे खिळ्याचा आणि नजरेचा असाच संबंध जुळलेला आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भीतीने माणूस ‘जागच्या जागी खिळतो’, त्याला इंग्रजी ‘ट्रान्सफिक्स्ड’ म्हणतं. शब्दाच्या पुढे जोडलेला तो ‘प्रीफिक्स’, मागे जोडलेला तो ‘सफिक्स’. क्रूसावर खिळलेल्या येशूची मूर्ती म्हणजे ‘क्रूसिफिक्स’. सगळीकडे एकच क्रिया आहे: हलणारी किंवा सुटी असलेली गोष्ट एका जागी पक्की करणे.

मग दुरुस्ती कुठून आली? मोडणाऱ्या वस्तू आठवून पाहा. बिजागरी सुटते, दांडा निखळतो, खुर्चीचा पाय डुगडुगतो, चाक आसावरून निसटतं. मोडणं म्हणजे पुष्कळदा जागेवरून सुटणं असतं आणि दुरुस्त करणं म्हणजे ते पुन्हा जागेवर बसवणं. मराठीत आपण म्हणतोच, ‘दांडा निघाला होता, बसवून दिला.’ खांदा निखळला तर हाड बसवतात. इंग्रजीतही असंच झालं. बसवणे, मग नीट लावणे, मग ठाकठीक करणे अशा पायऱ्या चढत अठराव्या शतकात फिक्स दुरुस्तीपर्यंत पोचला. इंग्रजीतले दुरुस्तीचे दुसरे दोन शब्द शेजारी ठेवले की फरक उठून दिसतो. ‘मेंड’च्या मुळाशी दोष काढून टाकणं आहे. ‘रिपेअर’च्या मुळाशी पुन्हा तयार करणं आहे. फिक्सच्या मुळाशी फक्त जागेवर धरून ठेवणं आहे.

हा फरक मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो मोडलेल्या हाडाच्या एक्स-रेमध्ये. करड्या हाडावर पांढरीशुभ्र धातूची पट्टी आणि तिच्यातून आरपार गेलेले स्क्रू. या शस्त्रक्रियेला डॉक्टर ‘इंटर्नल फिक्सेशन’ म्हणतात. नातेवाइकांना वाटतं, पट्टी बसवली म्हणजे हाड दुरुस्त झालं. तसं नसतं. पट्टी हाडाचे दोन तुकडे एकमेकांसमोर न हलता धरून ठेवते, एवढंच तिचं काम. सांधण्याचं काम हाड स्वतःच करतं आणि त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून तर ‘फिक्सेशन’ उत्तम झाल्यावरही पायावर भार टाकू नका असं बजावलेलं असतं. डॉक्टरांनी फिक्स हा शब्द जुन्या अर्थाने वापरलेला असतो, ऐकणारा तो नव्या अर्थाने घेतो आणि घाईने पाय टेकतो. कुणाच्या घरात अशी शस्त्रक्रिया होणार असेल, तर हे दोन अर्थ वेगळे करून सांगाच.

दुरुस्तीचा अर्थ खरा फोफावला तो अमेरिकेत, आणि तिथे तो दुरुस्तीपाशी थांबलाही नाही. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये अमेरिका फिरून आला आणि त्याच वर्षी त्याचं ‘अमेरिकन नोट्स’ हे प्रवासवर्णन आलं. त्यात त्याने या एका शब्दाबद्दल सविस्तर लिहिलंय. कुणाला भेटायला जावं तर नोकर सांगतो, मालक स्वतःला ‘फिक्स’ करताहेत. म्हणजे कपडे करताहेत. आगबोटीवर न्याहारीची चौकशी करावी तर उत्तर मिळतं, टेबलं ‘फिक्स’ करणं चालू आहे. म्हणजे मांडामांड चाललीय. सामानाचं काय, तर हमाल म्हणतो, आत्ता ‘फिक्स’ करतो. बरं वाटत नाही म्हणावं, तर अमक्या डॉक्टरकडे जा, तो तुम्हाला ‘फिक्स’ करेल. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, इंग्रजी लिहिण्यावरच पोट असलेल्या माणसाला एका इंग्रजी शब्दाने असं चक्रावून टाकलं. तेव्हा आपण गोंधळलो तर वाईट वाटून घेऊ नये.

अमेरिकन बोलीत आजही स्वयंपाक ‘फिक्स’ होतो, पेय ‘फिक्स’ होतं, केस ‘फिक्स’ होतात. दक्षिणेकडच्या राज्यांत ‘आय अ‍ॅम फिक्सिंग टू गो’ म्हणजे ‘मी निघतोच आहे’. इथे दुरुस्तीचा वासही नाही. मन एका गोष्टीवर बसलंय, हा जुनाच धागा आहे. कुत्र्या-मांजराला ‘फिक्स’ केलं म्हणजे त्याचं निर्बीजीकरण केलं. पशुवैद्याच्या दारात हा अर्थ माहीत नसेल तर अवघड व्हायचं.

आता आपल्याकडे पाहू. मराठीत बोलताना आपण हा शब्द दिवसातून चारदा वापरतो. ‘रविवारचं फिक्स ना?’ ‘तारीख फिक्स झाली.’ ‘तो येणार, फिक्स!’ फळी भिंतीला फिक्स करतो, पैसे फिक्स डिपॉझिटमध्ये ठेवतो. पण पंखा बिघडला तर आपण ‘दुरुस्त केला’ नाहीतर ‘रिपेअर केला’ म्हणतो. ‘पंखा फिक्स केला’ याचा आपल्या कानाला अर्थ लागतो तो छताला बसवला असा. अपवाद सॉफ्टवेअरवाल्यांचा, ते ‘बग फिक्स केला’ म्हणतात, कारण त्यांनी तो शब्द थेट अमेरिकन कार्यालयांतून उचललाय. बाकी मराठीने फिक्स घेतला तो त्याच्या जुन्या अर्थांसकट, आणि दुरुस्तीचा अर्थ बाहेरच ठेवला. मला हे फार मोलाचं वाटतं. लॅटिनचा गंधही नसलेल्या माणसांनी रोजच्या बोलण्यात शब्दाचा मूळ भाव अचूक पकडलाय.

याची दुसरी बाजूही आहे. आपण सरळ मनाने ‘आय हॅव फिक्स्ड द मीटिंग’ असं लिहितो तेव्हा अमेरिकन वाचणारा क्षणभर थबकतो. मीटिंगमध्ये काही बिघडलं होतं का? की आधीच काही साटंलोटं झालंय? तिथे ‘सेट अप’ किंवा ‘शेड्यूल्ड’ लिहिलेलं बरं.

साटंलोटं म्हटल्यावर मॅच फिक्सिंग आलंच. इथेही दुरुस्ती शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही, पण मराठीतलं ‘ठरवणे’ हे क्रियापद घेतलं की सगळं उलगडतं. ‘नजर ठरत नाही’, ‘पाय ठरत नाही’ असं आपण म्हणतो, म्हणजे ठरणे हे आधी एका जागी टिकणं आहे. त्याचं ‘ठरवणे’ झालं आणि तारीख, लग्न, भाव सगळं त्यात आलं. फिक्सचा प्रवास पावलोपावली असाच झालाय. जे आधी ठरायला हवं ते ठरवलं तर तो चोख व्यवहार. जे मैदानात ठरायला हवं ते आधीच ठरवून ठेवलं तर ती लबाडी. क्रिया तीच आहे, फक्त ती कधी आणि कुणाच्या आड केली यावर सगळं अवलंबून.

याचा एक विलक्षण दाखला 1919 सालात सापडतो. त्या वर्षी 12 सप्टेंबरला लंडनमध्ये ‘गोल्ड फिक्सिंग’ सुरू झालं. सोन्याचा व्यापार करणाऱ्या पाच संस्थांचे प्रतिनिधी रोज रॉथ्सचाइल्ड बँकेच्या कचेरीत जमायचे. अध्यक्ष एक भाव पुकारायचा, प्रत्येक जण आपल्या लोकांना फोन करून त्या भावाला घेणार की विकणार ते सांगायचा आणि मागणी-पुरवठा जुळेपर्यंत भाव वरखाली केला जायचा. प्रत्येकासमोर एक छोटा ब्रिटिश झेंडा असे. ‘थांबा, माझं अजून बोलणं चालू आहे’ हे सांगायला तो उभा करायचा. सगळे झेंडे खाली गेले की भाव ‘फिक्स’, म्हणजे ठरला. पुढे या बैठका फोनवर होऊ लागल्या आणि 2015 मध्ये ही पद्धतच बदलली. इथे फिक्सिंगला कुणी नाक मुरडलं नाही, ते कामाचं अधिकृत नाव होतं.

आणि त्यानंतर महिनाही उलटला नसेल, ऑक्टोबर 1919 मध्ये अमेरिकेत बेसबॉलची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपदाची लढत, खेळली गेली. शिकागो व्हाइट सॉक्स संघाचे काही खेळाडू जुगाऱ्यांशी संगनमत करून हरले, असं पुढे बाहेर आलं. 1921 मध्ये न्यायालयाने खेळाडूंना निर्दोष सोडलं, तरीही बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठ जणांवर कायमची बंदी घातली. ‘फिक्स्ड’ या शब्दाला खेळात जो काळा डाग आहे, तो गडद करणारं हे प्रकरण. एकाच शरद ऋतूत समुद्राच्या अलीकडे-पलीकडे एकाच शब्दाची ही दोन रूपं.

2012 मध्ये तर दोन्ही अर्थ एकमेकांवर येऊन आदळले. लंडनमध्ये बँका एकमेकींना कोणत्या दराने कर्ज देतील याचा रोज एक आकडा निघायचा, त्याचं नाव लायबॉर. तो आकडा काढण्याच्या क्रियेलाही ‘फिक्सिंग’ म्हणत. मग उघड झालं की काही बँकांमधली माणसं आपल्या सोयीचे आकडे कळवून तो दर सरकवत होती. म्हणजे फिक्सिंगचंच फिक्सिंग. त्या काळातल्या इंग्रजी बातम्या वाचताना कुठला अर्थ कुठे आहे हे वाक्यावाक्याला तपासावं लागतं.

इथेच आणखी दोन अर्थ हातासरशी सांगते. ‘आय विल फिक्स हिम’ हे वाक्य डॉक्टर म्हणाला तर दिलासा आणि शत्रू म्हणाला तर धमकी. ‘त्याला सरळ करतो’ म्हणतो ना आपण, तसंच. आणि ‘इन अ फिक्स’ म्हणजे पेचात. माणूस असा अडकलाय की पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. खिळलेलाच तो.

पण या शब्दाचं सगळ्यात सुंदर काम मला विज्ञानात दिसतं. 1802 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी आपले मित्र थॉमस वेजवुड यांच्या प्रयोगांची हकीकत छापली. कागदावर आणि पांढऱ्या कातड्यावर सिल्व्हर नायट्रेट लावायचं, वर झाडाचं पान ठेवायचं आणि उन्हात धरायचं. उघडी बाजू काळी पडायची आणि पानाची आकृती पांढरी उमटायची. चित्र तर मिळालं! पण ते उजेडात पाहायला गेलं की पांढरा भागही काळवंडायचा. म्हणून ही चित्रं अंधारात ठेवायची आणि पाहायची तर मेणबत्तीच्या मंद उजेडात, तीही थोडाच वेळ. पाहण्यासाठी काढलेलं चित्र पाहण्यानेच पुसलं जायचं. त्यांना चित्र काढता आलं होतं, ‘फिक्स’ करता आलं नव्हतं.

ती किल्ली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्याकडे होती. ज्याला छायाचित्रकार पुढे ‘हायपो’ म्हणू लागले, त्या क्षारात चांदीचे क्षार विरघळतात हे त्यांनी 1819 मध्येच पाहिलं होतं. 1839 मध्ये छायाचित्रणाची बातमी आल्यावर त्यांना ते आठवलं. ज्या चांदीच्या क्षारांवर उजेड पडलेला नाही ते हायपोने धुऊन काढायचे. मग काळं पडायला मागे काही उरतच नाही. डार्करूममध्ये काम केलेल्यांना तो क्षण ठाऊक असेल. तांबड्या दिव्याखाली ट्रेमधल्या रसायनात चेहरा हळूहळू उमटतो, पण कागद ‘फिक्सर’मधून निघेपर्यंत कुणीही दार उघडायचं नाही. चित्रात बिघाड काही नसतो, फक्त ते अजून ठरलेलं नसतं.

रसायनशास्त्रातही तेच. स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी 1750 च्या दशकात मॅग्नेशियाची पांढरी भुकटी तापवली. तिचं वजन घटलं. काहीतरी निघून गेलं होतं आणि ते होतं एक प्रकारची हवा. घन पदार्थात इतका वेळ बांधून ठेवलेली म्हणून त्यांनी तिला ‘फिक्स्ड एअर’ म्हटलं. तीच हवा आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणून ओळखतो. पाठ्यपुस्तकात ‘कार्बन फिक्सेशन’ भेटतं तेव्हा मला नेहमी ब्लॅक आठवतात. त्यांनी भुकटीतून मोकळा केलेला वायू हिरवं पान उन्हाच्या जोरावर पुन्हा बांधून ठेवतं आणि साखर करतं.

नायट्रोजनचं स्थिरीकरण हा त्याचाच भाऊ. हवेचा सुमारे 78 टक्के भाग नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की वनस्पतींना त्याचा काही उपयोग होत नाही. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे रायझोबियम जिवाणू तो बंध तोडून नायट्रोजन अमोनियात बांधतात, आणि तेही जमिनीतल्या साध्या तापमानाला. माणसाला हे जमलं 1909 मध्ये, फ्रित्स हाबर यांच्या प्रयोगशाळेत, आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला त्याचा कारखाना उभा राहिला. त्यासाठी 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान, वातावरणाच्या शेकडो पट दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक लागतो. मराठीत कुणीतरी या क्रियेला ‘स्थिरीकरण’ हा नेमका शब्द दिला. शाळेतल्या मुलांनी फिक्स म्हणजे दुरुस्ती एवढंच शिकलं, तर हवेतल्या नायट्रोजनला काय झालं होतं, असा प्रश्न त्यांना पडेल आणि तो रास्तच असेल.

या ओळी वाचताना तुमचे डोळेही फिक्सेशन करताहेत. नजर ओळीवरून सरळ सरकत जाते असं आपल्याला वाटतं, पण ती उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद ठरते, मग पुढे उडी. वाचणं होतं ते ठरण्याच्या क्षणी. चौदाव्या शतकातला तो पहिला अर्थ आज प्रयोगशाळेत यंत्रांनी मोजला जातो.

आता त्या डोंगरातल्या यंत्राकडे वळते. त्याचा शब्द दर्यावर्दींकडून आलाय. किनाऱ्याजवळून जाणाऱ्या जहाजावरून दीपगृह दिसलं की होकायंत्राने त्याची दिशा घ्यायची आणि नकाशावर दीपगृहातून तेवढ्या कोनात रेघ ओढायची. जहाज त्या रेघेवर कुठेतरी आहे, पण कुठे ते माहीत नाही. मग दुसरी खूण, एखादा सुळका, त्याची रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो ‘फिक्स’. रेघेवर सरकणारं जहाज एका टिंबावर खिळलं. खात्रीसाठी तिसरी रेघ ओढली की बहुतेक वेळा टिंबाऐवजी छोटा त्रिकोण मिळतो, कारण प्रत्येक मोजणीत थोडी चूक असतेच. मग त्रिकोणाचं जे टोक धोक्याच्या खडकाला सर्वांत जवळ, तिथेच आपण आहोत असं जाणता खलाशी धरून चालतो.

हातातलं यंत्र हेच करतं, दीपगृहांच्या जागी उपग्रह. प्रत्येक उपग्रह सांगत असतो, मी इथे आहे आणि आता इतके वाजलेत. संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर 300 मीटरनी चुकतं, आणि छोट्या यंत्रातलं घड्याळ तेवढं काटेकोर नसतं. म्हणून जागा काढायला तीन उपग्रह आणि घड्याळाची चूक काढायला चौथा लागतो. दाट झाडीत किंवा कड्याच्या आडोशाला चार उपग्रह दिसत नाहीत, आणि मग पडद्यावर येतं ‘नो फिक्स’.

मी ती ओळ खोडली. आधी ‘स्थाननिश्चिती झाली नाही’ लिहिलं, पण थंडीने काकडणाऱ्या माणसाला तो शब्द वाचायला जड जाईल असं वाटलं. तेही खोडलं आणि लिहिलं: ‘तुमची जागा अजून ठरलेली नाही. मोकळ्या आकाशाखाली या आणि थांबा.’